पैसे दिले कुणी? सर्व राजकीय पक्षांच्या कोषाध्यक्षांना खुलं पत्र

सन्माननीय कोषाध्यक्ष,

सप्रेम नमस्कार.

पक्षाध्यक्षांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९सी प्रमाणे पक्षाला मिळालेल्या देणग्यांचा वार्षिक अहवाल कोषाध्यक्षाने, किंवा पक्षाने त्या कामासाठी नेमलेल्या माणसाने, तयार करून निवडणूक आयोगाकडे द्यायचा असतो. पक्ष कुणाच्या पैशावर चालतो हे सांगायची जबाबदारी कायद्याने तुमच्या टेबलावर ठेवली आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोख्यांची, म्हणजे बँकेतून रोखा विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देणगी देण्याची, योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम १९(१)(अ) मध्येच तो येतो, असं न्यायालयाने एकमताने सांगितलं. मला वाटलं होतं, आता एखादा मोठा पक्ष पुढे येईल आणि म्हणेल, आजपासून आमची वही लोकांसाठी उघडी. तसं काही घडलं नाही. रोख्यांच्या आधीचे नियम परत लागू झाले आणि सगळे पक्ष पुन्हा त्या नियमांच्या आडोशाला जाऊन बसले. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

मीही कोषाध्यक्ष आहे, तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची. मानद. आमचं वर्षाचं अंदाजपत्रक तुमच्या एका जाहीर सभेच्या मंडपखर्चाएवढंही नसेल. तरीही कायदा आमच्याकडून काय काय मागतो ते तुम्हाला सांगायचं आहे.

वडिलांच्या स्मरणार्थ पुस्तकं घ्या म्हणून एखादे निवृत्त शिक्षक तीन हजार रुपये घेऊन येतात. मी पावतीपुस्तकात कार्बन सारते, नाव-पत्ता लिहिते आणि पॅन विचारते. ते बिचकतात. पॅन कशाला, मी काय धंदा करतोय का, म्हणतात. मग मी समजावून सांगते. देणगीदाराला आयकरात ८०जीची सवलत मिळवून देणाऱ्या संस्थेला प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळखक्रमांक आणि रक्कम अशी यादी ३१ मेच्या आत आयकर खात्याला कळवावी लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये भरावे लागतात. शिवाय रोखीत दोन हजारांच्या वर दिलं तर त्यांना सवलत मिळत नाही. ते घरी जातात आणि चेकबुक घेऊन परत येतात. आमची वही दरवर्षी हिशेबतपासनीस तपासतात, अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो. आणि नाव न सांगता कुणी मोठी रक्कम ठेवून गेलं तर? एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम जास्त असेल तिच्यापुढच्या निनावी देणगीवर धर्मादाय संस्थेला ३० टक्के कर बसतो.

यातलं काहीच मला जाचक वाटत नाही. लोकांच्या पैशाला हात लावायचा तर एवढं केलंच पाहिजे.

आता तुमच्याकडे या. देणग्या, व्याज, घरभाडं, मालमत्ता विकून झालेला नफा, पक्षाचं हे सगळं उत्पन्न करमुक्त आहे. त्यासाठी हिशेब ठेवा, तपासून घ्या, विवरणपत्र भरा, दोन हजारांपुढे रोख घेऊ नका आणि वीस हजारांवरच्या देणगीदारांची नावं नोंदवा, एवढ्या अटी आहेत. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव लिहून ठेवायचीसुद्धा सक्ती नाही. पुस्तकांसाठी तीन हजार देणाऱ्या शिक्षकाचा पॅन सरकारकडे जातो आणि पक्षाला एकोणीस हजार देणाऱ्याचं नाव तुमच्या वहीतही नसलं तरी चालतं. माझी पहिली तक्रार हीच आहे.

२०१७ च्या अर्थसंकल्पानंतर 'मर्यादा दोन हजारांवर आणली' असा गाजावाजा झाला, आणि तो आजही ऐकू येतो. खाली आली ती फक्त रोखीची मर्यादा. नाव सांगण्याची मर्यादा वीस हजारांवर होती तिथेच राहिली. दोन हजारांवरच्या निनावी देणग्या बंद करा, असं निवडणूक आयोगाने २०१६ मध्ये सुचवलं होतं आणि २०२२ मध्ये पुन्हा कायदा मंत्रालयाला लिहिलं होतं.

यात एक गोष्ट हिशेब लिहिणाऱ्यालाच चटकन दिसेल. एका व्यक्तीने आर्थिक वर्षात दिलेली रक्कम वीस हजारांवर गेली तर ती जाहीर करा, असं कायदा म्हणतो. म्हणजे एकाच माणसाच्या देणग्यांची बेरीज धरायची. पण ज्याचं नावच लिहिलेलं नाही त्याच्या देणग्यांची बेरीज करायची कशी? तुम्ही करता का? कुणी तपासायला आलं तर काय दाखवता? बहुजन समाज पक्षाने वर्षानुवर्षे आयोगाला कळवलं की वीस हजारांवरची एकही देणगी आपल्याला मिळालेली नाही. गरीब कार्यकर्त्यांच्या लहान लहान देणग्यांवर पक्ष उभा राहत असेल तर त्याबद्दल मला आदरच वाटेल. पण तो दावा खरा मानायलाही आधार नाही आणि खोटा म्हणायलाही नाही, कारण वहीत नावंच नाहीत. प्रामाणिक पक्षावरही हा अन्यायच आहे.

दुसरी तक्रार रोख्यांची, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. योजना रद्द झाली म्हणजे विषय संपला, असं तुमच्यापैकी अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

२ जानेवारी २०१८ ला ही योजना अधिसूचित झाली. रोखे फक्त स्टेट बँकेत मिळायचे, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे, आणि पंधरा दिवसांत वटवावे लागायचे. सामान्य माणसालाही स्वच्छ मार्गाने पक्षाला देणगी देता येईल असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात एकूण रकमेतली नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक कोटीच्या रोख्यांतून आली. सामान्य माणूस एक कोटीचा रोखा घेत नाही. सगळे मिळून साधारण १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. रोख्यावर खरेदीदाराचं नाव नव्हतं, पण अतिनील प्रकाशातच दिसेल असा एक क्रमांक होता, आणि खरेदीदाराची ओळख सरकारी बँकेकडे होती. मतदाराला काहीच कळणार नाही, सत्तेत बसलेल्याला मात्र कळून घेता येईल, अशी ती रचना होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्येच कायदा मंत्रालयाला लेखी कळवलं होतं की हे मागे नेणारं पाऊल आहे. रिझर्व्ह बँकेनेही हरकत घेतली होती.

१२ एप्रिल २०१९ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या पक्षांना रोख्यांतून मिळालेल्या पैशाचा तपशील बंद लिफाफ्यात आयोगाकडे द्यायला सांगितलं. ती उत्तरं मार्च २०२४ मध्ये लोकांसमोर आली, तेव्हा मी ती बसून वाचली. संयुक्त जनता दलाने लिहिलं होतं की ३ एप्रिल २०१९ रोजी पाटण्याच्या कार्यालयात कुणीतरी एक बंद लिफाफा आणून दिला, उघडला तर त्यात एक-एक कोटीचे दहा रोखे निघाले. देणाऱ्याचं नाव माहीत नाही. भारतीय जनता पक्षाने कायद्याकडे बोट दाखवलं: रोखे देणाऱ्यांचा तपशील ठेवण्याचं बंधन आमच्यावर नाही. अनेक पक्षांचा सूर तोच होता. द्रविड मुन्नेत्र कळघमने मात्र देणगीदारांची नावं दिली, ६५६ कोटींतले ५०९ कोटी एका लॉटरी कंपनीकडून आले हे सुद्धा. ते वाचून पक्षाबद्दल कुणी काहीही मत बनवो, पण विचारल्यावर नाव सांगता येतं एवढं त्यातून सिद्ध झालं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने तर रोखे घेतलेच नाहीत आणि योजनेविरुद्ध न्यायालयात गेला.

दहा कोटी रुपये लिफाफ्यात येतात, आणि कोषाध्यक्षाला ते आणणाऱ्या माणसाला दारातच थांबवून नाव विचारावंसं वाटत नाही, ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. मी त्या जागी असते तर मला झोप लागली नसती. उद्या याच माणसाने येऊन कामाची फाईल पुढे केली तर पक्ष काय करणार?

न्यायालयाच्या आदेशामुळे स्टेट बँकेला जी माहिती द्यावी लागली ती १२ एप्रिल २०१९ पासूनची. ३० जूनपर्यंत मुदत मागणाऱ्या बँकेने मुदत नाकारल्यावर दुसऱ्याच दिवशी माहिती दिली, हेही आपण पाहिलं. पण मार्च २०१८ पासून ११ एप्रिल २०१९ पर्यंत विकलेले रोखे त्यात नाहीत. एकूण विक्रीतून जाहीर झालेली रक्कम वजा केली तर ते चार हजार कोटींच्या वर जातात. लोकसभेच्या एका निवडणुकीआधीचं अख्खं वर्ष. ते कुणी घेतले आणि कुणासाठी घेतले हे अजून अंधारात आहे. ते वटवणारे पक्ष तुमचेच आहेत.

तिसरी तक्रार कंपन्यांच्या पैशाची. हा वाद नवा नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून कंपनीच्या घटनापत्रात (मेमोरँडममध्ये) बदल करायला मंजुरी मागितली, ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आलं. त्या वेळचा कायदा आडवा येत नव्हता म्हणून त्यांनी बदलाला मान्यता दिली. पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकेल, असं निकालपत्रात लिहूनही ठेवलं. पुढे भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने १९६४ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी सुचवली. १९६९ मध्ये बंदी आली. पक्षांना अधिकृत मार्गाने पैसा देण्याची दुसरी सोय मात्र केली नाही, त्यामुळे तोच पैसा रोखीत आणि काळ्यात गेला. १९८५ मध्ये बंदी उठली आणि मर्यादा आली: सरासरी नफ्याच्या ५ टक्के, २०१३ च्या कायद्यात साडेसात टक्के. २०१७ मध्ये तीही काढली. तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी देणगी देण्याची मोकळीक झाली, आणि कोणत्या पक्षाला दिली हे ताळेबंदात सांगायचं बंधनही गेलं. नफाच नाही तर कंपनी देणगी देते कशातून, हा प्रश्न तेव्हा संसदेत बहुमताला पडला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो विचारला, आणि कंपनीची देणगी हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो, हेही स्पष्ट लिहिलं.

मर्यादा आता परत आली आहे. पण पैशाचा मोठा ओघ इलेक्टोरल ट्रस्टकडे वळला आहे. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट पक्षांना देतो. कोणी किती दिले आणि कोणत्या पक्षाला किती गेले, अशा दोन याद्या जाहीर होतात. पण या यादीतल्या कंपनीचा पैसा त्या यादीतल्या कोणत्या पक्षाकडे गेला, याची जोडणी त्यात नसते. रोखे रद्द होताना जी गोष्ट न्यायालयाने महत्त्वाची मानली, नेमकी तीच इथे हरवते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र कसलीच मर्यादा नाही. आणि ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा आदेश दिला, तो त्या सहांपैकी एकानेही पाळला नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष इथे एकत्र आले, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

तुमच्या बाजूने जे सांगितलं जातं त्याचा मी विचार केला आहे. विरोधी पक्षाला देणगी दिली हे कळलं तर सत्ताधारी त्रास देतात, असं म्हणतात. हे खरं आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत ज्याचं दुकान आहे, त्याने पाच हजार कुणाला दिले हे गावभर झालं तर त्याचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आम आदमी पक्षाने सुरुवातीला देणगीदारांची यादी संकेतस्थळावर ठेवली होती, २०१६ मध्ये काढून टाकली, तेव्हा कारण हेच दिलं होतं. म्हणून लहान देणगीदाराचं नाव चव्हाट्यावर आणा, अशी माझी मागणी नाही. त्याचं नाव तुमच्या वहीत असावं आणि हिशेबतपासनिसाला दिसावं, एवढंच मी म्हणते. पण कोट्यवधी रुपये देणाऱ्या कंपनीला सरकारी कंत्राटं, परवाने, जमिनी हव्या असतात. दुकानदाराच्या भीतीची ढाल तिच्यापुढे धरू नका.

नावं जाहीर केली तर पैसा पुन्हा काळ्यात जाईल, हाही युक्तिवाद ऐकते. रोख्याने पैसा पांढरा झाला तो बँकेमुळे. नावासह दिलेला चेकही बँकेतूनच जातो. नाव लपवल्याने त्यात पांढरेपणाची काही भर पडत नाही.

तिसरं म्हणणं असं की सरकारनेच निवडणुकीचा खर्च द्यावा. इंद्रजीत गुप्ता समितीने १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना वस्तू आणि सेवांच्या रूपात मदत द्यावी अशी शिफारस केली होती. जर्मनीत पक्षांना सरकारी तिजोरीतून पैसे मिळतात, पण तिथे ३५ हजार युरोंवरची देणगी ताबडतोब कळवून प्रसिद्ध करावी लागते. आपल्याकडे करमाफी आहे, आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ आहे, मतदारयाद्या फुकट आहेत. म्हणजे सार्वजनिक मदत आजही सुरू आहे. ती वाढवायला माझी तत्त्वतः हरकत नाही. वही उघडण्याआधी वाढवायला मात्र ठाम हरकत आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

प्रत्येक देणगीला, ती शंभर रुपयांची असली तरी, नाव-पत्त्याची पावती द्या आणि स्थळप्रत जपून ठेवा. यूपीआयने रस्त्यावरचा भाजीवाला पैसे घेतो, त्यात देणाऱ्याची नोंद आपोआप राहते. पक्षाला ते अवघड नाही. वीस हजारांखालच्या देणग्यांची जिल्हावार बेरीज आणि देणगीदारांची संख्या जाहीर करा, नावं नकोत.

वीस हजारांवरच्या, आणि कंपनी किंवा ट्रस्टकडून आलेल्या कोणत्याही रकमेच्या देणगीची माहिती महिन्याच्या आत पक्षाच्या संकेतस्थळावर टाका. निवडणूक जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आत. ब्रिटनमध्ये पक्षांचे अहवाल तिमाहीने येतात आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात आठवड्याला. मतदानानंतर कित्येक महिन्यांनी आलेली यादी मतदाराच्या कामाची नाही.

ट्रस्टकडून पैसे घेताना मूळ कंपनीचं नाव लेखी मागा. न दिल्यास देणगी परत करा.

मार्च २०१८ ते ११ एप्रिल २०१९ या काळात वटवलेल्या रोख्यांचे देणगीदार, जेवढे तुम्हाला माहीत आहेत तेवढे, आता स्वतःहून जाहीर करा. खरोखर माहीत नसतील तर तसं प्रत्येक रोख्यापुढे लिहा.

माहिती अधिकाराखाली जनमाहिती अधिकारी नेमा. आणि तुमच्या खासदारांना सांगा की नाव नोंदवण्याची मर्यादा खाली आणणारं, पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणारं आणि अहवाल न देणाऱ्या पक्षावर कारवाईचा अधिकार आयोगाला देणारं विधेयक आणा. आज अहवाल दिला नाही तर करमाफी जाते, तेवढंच. नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे.

विधेयकाला संसद लागेल. त्याआधीच्या कोणत्याही मागणीला ती लागत नाही, कुठल्याही कायद्याची आडकाठीही नाही. येत्या १ एप्रिलच्या पहिल्या पावतीपासून तुम्ही हे सुरू करू शकता. करणार आहात का, आणि नसाल तर कशासाठी नाही, याचं उत्तर मला खासगी पत्राने पाठवू नका. पक्षाच्या संकेतस्थळावर, तुमच्या नावाने आणि सहीने द्या.

आपली,
एका सार्वजनिक वाचनालयाची मानद कोषाध्यक्ष